खुशालरावांची सहाशे चौदा संत्री

चांदूर बाजारात माणूस निवृत्त झाला हे पेन्शनच्या कागदावरून ठरत नाही. खुशालराव लुंग्यांनी त्याचं मानपत्र लिहिलं, जैनुद्दीनभाईंनी ते काचेत बसवलं आणि ती फ्रेम बैठकीतल्या घड्याळाखाली लटकली, की माणूस खरा निवृत्त. तोवर तो नुसता घरी बसलेला असतो.

दोघांची दुकानं तहसील कचेरीसमोर, भिंतीला भिंत लावून. भिंत म्हणजे पत्र्याचं पार्टिशन आणि त्या पत्र्यात कापलेली वीतभर खिडकी. खिडकीतून इकडून मानपत्र तिकडं जातं आणि तिकडून चहा इकडं येतो.

खुशालराव उंचीनं बेताचे, मिशीनं भरघोस आणि भाषेनं त्याहून भरघोस. तहान लागली तर "पाणी द्या" म्हणणार नाहीत, "जरा कंठ ओला होऊ द्या" म्हणतील. टायपिंगची परीक्षा त्यांनी टाइपरायटरवर पास केली होती. पुढं बावीस वर्षांपूर्वी त्या जागी कंप्युटर आला, पण खालचं यंत्र बदलल्याची खबर त्यांच्या बोटांना अजून कोणी दिलेली नाही. दुकानाच्या बोर्डावर निळ्या रंगात 'अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रे', आणि त्याखाली, पेंटरच्या डोक्यावर उभं राहून लाल रंगात काढून घेतलेली तिरपी ओळ: 'येथे प्रत्येक मानपत्र नव्याने लिहिले जाते.'

ही ओळ म्हणजे खुशालरावांचं बागायती वावर. टायपिंगवाले चांदुरात आणखी आठ आहेत, पण ते टाइप करतात. खुशालराव लिहितात. निदान बोर्ड तसं म्हणत होता, आणि बोर्डावर खुशालरावांचाही विश्वास होता.

त्यांचा सीझन मे-जूनचा. तालुक्यातल्या अर्ध्याअधिक मास्तरांचा जन्म जूनमधला आहे, कारण पहिलीत नाव घालताना त्या वेळच्या हेडमास्तरांना दुसरा महिना सुचत नसे. त्यामुळं ते निवृत्तही थव्यानं होतात. त्या गर्दीत कोणाचं कोणाला काय लिहिलं हे कोण बघतो? पण मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका रागिणी धांडे मॅडम भर जानेवारीत जन्मल्या होत्या, आणि तेही खऱ्याखुऱ्या. शनिवारी, एकतीस तारखेला, एकट्याच निवृत्त होणार होत्या. मंगळवारी सकाळी त्या दुकानाची पायरी चढल्या.

"मानपत्र तयारच समजा मॅडम," खुशालराव उठून म्हणाले.

"तेच समजून नाही राहिली मी." मॅडमनी खुर्ची झटकली आणि बसल्या. "शकुनचं मानपत्र तुमीच लिहिलं होतं न?"

शकुन इंगोले मॅडम त्याच शाळेतल्या, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. दोघींनी तीस वर्षं एका डब्यात जेवण केलं आणि तीस वर्षं एकमेकींच्या भाजीला नावं ठेवली.

"हो तर! माझ्याच लेखणीतून उतरलं."

"दर संक्रांतीले मी तिच्याकडं हळदीकुंकवाले जाते. सोफ्यावर बसलं की समोर थेच मानपत्र. तिळगूळ येईपर्यंत माणूस काय करन? वाचते. मले पाठ झालं आता. तर ऐका. त्यातलं एक वाक्य, एक, जर माझ्यात आलं, तर मी स्टेजवरून माईकमधी सांगीन का हे शकुनचं उष्टं आहे. आणि मंग इथं येऊन तुमची ती लाल ओळ माझ्या हातानं पुसीन."

"मॅडम, ऑइल पेंट आहे," पलीकडून खिडकीतून जैनुद्दीनभाई म्हणाले. "पुसल्या नाही जात."

"तीस वर्षं पोरींचे फळ्यावरचे पराक्रम पुसले, जैनुद्दीनभाई. हे बी पुसीन."

मॅडम गेल्या. खुशालराव मिशीतल्या मिशीत हसले. शकुन मॅडमना लिहिलेलं मानपत्र काढायचं, एकदा नजरेखालून घालायचं आणि रागिणी मॅडमना त्याच्या बरोब्बर उलटं लिहायचं. दहा मिनिटांचं काम.

त्यांनी कंप्युटरवरचं फडकं काढलं आणि कपाळाला हात लावला.

कारण खुशालराव फायलींना नावं कशी द्यायचे, तर मानपत्र ज्याचं त्याचं नाव नाही. जो ते न्यायला आला त्याची खूण. त्यांच्या मते नावं विसरतात, माणसं लक्षात राहतात. त्यामुळं कंप्युटरमधली यादी अशी होती: 'मफलरवाला'. 'अकोटचे जावई'. 'घाई'. 'घाई दोन'. 'घाई खरी'. 'बाई हसत होत्या'. 'दोन चहा पिला'. अशा काही हजार. शकुन मॅडमचं मानपत्र न्यायला तीन वर्षांपूर्वी कोण आलं होतं, आणि त्यानं काय घातलं होतं?

मग त्यांना वरच्या कोपऱ्यातली ती शोधायची चौकट आठवली. भिंग काढलेलं असतं ती. सरकारी ऑनलाइन अर्जांसाठी शिकलेल्या नव्या पद्धतीच्या मराठी टायपिंगनं त्यांनी हळूहळू, एका बोटानं लिहिलं: इंगोले. हिरवी पट्टी सरपटत गेली आणि शेवटी इंग्रजीत उत्तर आलं, की तुमच्या शोधाशी जुळणारं काहीही सापडलं नाही.

'मॅडम' लिहिलं. काहीही सापडलं नाही. 'मानपत्र' लिहिलं. काहीही सापडलं नाही. शेवटी खुशालरावांनी स्वतःचंच नाव लिहून पाहिलं. बावीस वर्षं ज्याच्यापुढं मांडी घालून बसलो, त्यानं ओळख दाखवली नाही.

घरगुती उपाय सगळे झाले. बंद करून चालू. मागच्या वायरी काढून फुंकर. उजवं बटण दाबून रिफ्रेश, एकवीस वेळा, मोजून. स्क्रीनवरून ओलं फडकं. कंप्युटर स्वच्छ झाला, पण बोलला नाही.

"काय झालं जी?" खिडकीत जैनुद्दीनभाईंची टोपी दिसली. सागाच्या पट्टीला रंधा मारता मारता त्यांना या दुकानातलं सगळं ऐकू येतं. ते फक्त ऐकलंय असं दाखवत नाहीत.

"शोध लागून नाही राहिला."

"कायचा?"

"शकुन मॅडमच्या मानपत्राचा. पाहिलं पाहिजे न काय लिहिलं होतं."

जैनुद्दीनभाईंनी तोंड उघडलं, मग काही विचार करून मिटलं आणि म्हणाले, "अलीझाले फोन लावू?"

अलीझा त्यांची मुलगी. लग्न होऊन अकोल्याला गेली आणि तिथं ज्युनिअर कॉलेजात कंप्युटर शिकवते. फोन स्पीकरवर टाकून खिडकीच्या चौकटीत उभा केला, म्हणजे तो दोन्ही दुकानांचा झाला.

"काका, फायली कुठं ठेवता?"

"कंप्युटरमधी."

"हो, पण कंप्युटरमधी कुठं? सी का डी?"

"डी! सीमधी मी काहीच ठेवत नाही. सी उडते."

हे त्यांना कंप्युटर बसवायला आलेल्या मेकॅनिकनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून खुशालराव सी ड्राइव्हकडं पाहुण्यांच्या खोलीसारखं बघतात. आहे, झाडलेली आहे, पण आपण तिथं झोपायचं नाही.

"तिथंच गोम आहे," अलीझा म्हणाली. "कंप्युटर आतला मजकूर शोधते, पण त्याच्यासाठी आधी तो सगळ्या फायली वाचून एक यादी बनवून ठेवते. कोणता शब्द कोणत्या फाइलीत, अशी. तुमचा कंप्युटर फक्त सीची यादी करून राहिला. डीमधी तो नुसत्या दारावरच्या पाट्या वाचते, घरात जात नाही. पाट्यांवर नावं काय आहेत?"

खुशालरावांनी चार नावं वाचून दाखवली. 'दोन चहा पिला'पाशी अकोल्याकडून बराच वेळ आवाज आला नाही.

"कट झाला काय?" जैनुद्दीनभाईंनी विचारलं.

"नाही अब्बू. मी बसून राहिली खाली."

मग तिनं एकेक बटण सांगितलं. इथं जा, तिथं दाबा, डीच्या पुढं टिक करा, 'आतला मजकूरही वाच' म्हणून दुसरी टिक करा, आता यादी नव्यानं बनव म्हणून सांगा. खुशालरावांनी प्रत्येक टिक लग्नाच्या याद्यांवर सही करावी तशी केली.

"आता त्याले वाचू द्या. वेळ लागन. आणि हात लावू नका हं काका, तुमी काम करत असले का तो हळू चालते."

"म्हणजे मालक उठून गेला का काम करते?"

"हो."

"असा गडी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला," खुशालराव म्हणाले.

बुधवार असा गेला. खुशालराव खुर्ची मागं सरकवून, हात मांडीखाली दाबून बसले. सवयीनं बोटं कीबोर्डकडं जायची आणि पलीकडून जैनुद्दीनभाई ओरडायचे, "हात!" उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन एक म्हातारबा आले.

"आज नाही बाबाजी. कंप्युटर वाचून राहिला."

"काय वाचून राहिला?"

"मीच लिहिलेलं."

म्हातारबांनी कंप्युटरकडं पाहिलं, खुशालरावांकडं पाहिलं. "मंग झोपन थो," म्हणाले आणि शेजारच्या टायपिंगवाल्याकडं गेले.

दुपारी जेवायला जाताना खुशालरावांनी नेहमीप्रमाणे भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. बावीस वर्षांची शिस्त. परत आल्यावर जीभ चावली. सुदैवानं यादी होती तिथून पुढं सुरू झाली. "शहाणा आहे, खूण घालून ठेवते," असं ते कौतुकानं म्हणाले. फायलींना 'मफलरवाला' नाव देणाऱ्या माणसानं हे म्हणावं, यावर पलीकडचा रंधा क्षणभर थांबला.

गुरुवारी सकाळी यादी पूर्ण झाली. खुशालरावांनी अगरबत्ती लावली, चौकटीत 'इंगोले' लिहिलं आणि बटण दाबलं.

काहीही सापडलं नाही.

"अलीझा!" खिडकीतून हाक गेली, जणू अकोला पार्टिशनपलीकडंच आहे. फोन लागला. तिनं एक फाइल उघडायला लावली, फॉन्टचं नाव वाचून घेतलं आणि "अच्छा" म्हणाली. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून "अच्छा" म्हणतो तसं.

"काका, हा जुना फॉन्ट आहे. टाइपरायटरवाला. तुमाले पडद्यावर जे मराठी दिसते न, ते कंप्युटरले मराठी दिसतच नाही. त्याले आत नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. वरून मराठीचा मुखवटा आहे."

"म्हणजे बावीस वर्षं मी इंग्रजीत लिहून राहिलो?"

"इंग्रजीत बी नाही काका. कशातच नाही."

पलीकडं पट्टी खाली पडल्याचा आवाज झाला.

"पण उपाय आहे," ती घाईनं म्हणाली. "चौकटीत इंग्रजीच राहू द्या. डोळे मिटा. आणि टाइपरायटरवर 'इंगोले' जसं मारत होते, तसं बोटांनी मारा. काय उमटते ते पाहू नका."

खुशालरावांनी डोळे मिटले. बोटांना काही सांगावं लागलं नाही. ती कधीपासून वाटच बघत होती. टक टक टक. डोळे उघडले तर चौकटीत बी, ए, एक्स, के, एस, वाय, एस.

"हे तर तापाच्या गोळीचं नाव दिसून राहिलं."

"एंटर मारा काका."

आणि यादी धडधडत उतरली. एकोणीस इंगोले! चांदुरात इंगोल्यांना तोटा नाही. खुशालरावांनी पहिली फाइल उघडली, 'घाई दोन'. दवाखान्यातले कंपाउंडर इंगोले. सहज वाचलं: '...आपला स्वभाव संत्र्याप्रमाणे. वरून साल कडवट भासली तरी अंतरी रसाळ, मधुर व बिया अल्प असलेला...'

"काय लिहिलं आहे पाहा," ते स्वतःवरच खूश झाले. "बिया अल्प!"

दुसरी फाइल, 'अकोटचे जावई'. ग्रामसेवक इंगोले. '...आपला स्वभाव संत्र्याप्रमाणे...'

तिसरी, वाचनालयाचे इंगोले. संत्रं. चौथी, पतसंस्थेचे. संत्रं. आठव्या फाइलीचं नाव 'शिंका' होतं. न्यायला आलेल्या माणसाला सर्दी असावी. त्यात शकुन मॅडम होत्या. साल कडवट, अंतरी रसाळ, बिया अल्प.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि बोटांनी 'संत्र्याप्रमाणे' मारलं.

सहाशे चौदा.

ते यादी खाली ओढत गेले आणि यादी संपेना. मास्तर, तलाठी, कंडक्टर, पोस्टमन, पोलीस पाटील, सगळा तालुका संत्र्यासारखा. त्यांचंही चुकलं नव्हतं, म्हणजे चुकलं होतं पण मुद्दाम नव्हतं. दर वेळी ते मागची फाइल उघडायचे, नाव बदलायचे, 'कर्तव्यदक्ष'चं 'कर्तव्यनिष्ठ' करायचे, हात फिरवायचे. हात फिरवला की त्यांना ते नवं वाटायचं. भिंत तीच, चुना दर दिवाळीचा.

एका ठिकाणी ते थबकले. 'सन्माननीय श्री. चांदण्या, मु. पो. शेंदूरजनाघाट.'

"हा कोण चांदण्या?" तोवर जैनुद्दीनभाई रंधा ठेवून या दुकानात येऊन उभे होते.

"बैल आहे," खुशालराव खोल आवाजात म्हणाले. "शंकरपटाच्या शर्यतीतला. म्हातारा झाला म्हणून मालकानं सत्कार केला होता त्याचा."

जैनुद्दीनभाईंनी चष्मा वर करून वाचलं. "'आपण आयुष्यात कोणाविषयीही वावगा शब्द काढला नाही.' सहाशे चौदात हे एकच खरं निघालं पहा, खुशालभाऊ."

"हसू नका. पहा तरी काय केलं मी! कोणालेच माहीत नव्हतं."

"मले माहीत होतं." आणि जैनुद्दीनभाईंनी पाठीमागं हात बांधून, शाळेत कविता म्हणतात तसं, 'महोदय, आजचा हा मंगल दिन' पासून 'उर्वरित आयुष्य निरामय जावो' पर्यंत अख्खं मानपत्र एका दमात म्हणून दाखवलं. संत्र्यापाशी हात पुढं करून. "फ्रेम मीच करतो न. काच पुसता पुसता वाचल्या जाते."

"मंग तीन दिवसांपासून मी इथं मरून राहिलो, तुमी बोलले काहून नाही?"

"तुमी कंप्युटरले इचारून राहिले होते. मले कुठं इचारलं?"

खुशालराव उठले, कालचा पेपर घेतला, चिकटपट्टी घेतली, स्टुलावर चढले आणि बोर्डावरची लाल ओळ झाकून टाकली. आता बोर्डावर 'अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रे' आणि खाली कापसाचे भाव.

शुक्रवार. कार्यक्रमाला एक दिवस. खुशालराव कोऱ्या फाइलीपुढं बसले. मागची फाइल न उघडता बसण्याची बावीस वर्षांतली ही पहिली वेळ. त्यांनी लिहिलं, 'आपण ज्ञानदानाचे पवित्र कार्य केले.' मग शंका आली. चौकटीत तेच वाक्य मारलं. चारशे दोन.

खोडलं. 'आपण शिस्तप्रिय आहात.' पाचशे अठ्ठ्याऐंशी. 'विद्यार्थ्यांच्या गळ्यातील ताईत.' तीनशे नऊ, त्यात एक सिमेंटचा व्यापारी. 'झिजणारे चंदन.' खुशालरावांना वाटलं हे तरी. चारशे एकाहत्तर.

काहीही लिहावं तर कंप्युटर म्हणे, सापडलं. जो मंगळवारी स्वतःच्या मालकाला ओळखत नव्हता, तो आता त्याचा शब्द न् शब्द ओळखत होता.

"याची यादी बंद करून टाकतो," ते कळवळून म्हणाले.

"तुमाले रागिणी मॅडम माहीत आहेत काय?" जैनुद्दीनभाईंनी खिडकीतून चहा सरकवला.

"वीस वर्षांपासून."

"मंग चंदन कायले पाहिजे? अलीझा त्यांच्याच शाळेची आहे. इचारा."

फोन चौकटीत उभा राहिला. रागिणी मॅडमचं नाव काढताच अलीझाचा आवाज बदलला. पस्तीस वर्षांची बाई एकदम सातवीत गेली.

"काका, बत्त्याचं माहीत नाही तुमाले? शाळेच्या घंटीचा हातोडा चोरीले गेला. नवा येईपर्यंत म्हणून मॅडमनी घरचा खलबत्त्यातला बत्ता आणून दिला. नवा आलाच नाही. अकरा वर्षं झाली, शाळा मॅडमच्या बत्त्यानं भरते, आणि मॅडम घरी शेंगदाणे तांब्याच्या बुडानं कुटतात."

खुशालरावांनी लिहिलं. चौकटीत मारलं: 'घरचा बत्ता'.

काहीही सापडलं नाही.

"जैनुद्दीनभाई!" खुशालराव खुर्चीतून उडाले. "नाही सापडलं! काहीच नाही सापडलं!"

तीन दिवस जे वाचून रडू यायचं, तेच वाचून माणूस नाचत होता.

"पुढं सांग, पुढं सांग पोरी!"

"टाकीवरचं वांदर. पाण्याच्या टाकीवर येऊन बसलं, पोरी रडून राहिल्या. मॅडम डस्टर घेऊन खाली उभ्या राहिल्या, बोलल्या काहीच नाही, नुसत्या पाहून राहिल्या. वीस मिनिटं. वांदरानं मान खाली घातली आणि गेलं. मंग कधीच आलं नाही."

चौकटीत 'वांदर' मारलं. दोन सापडली! उघडून पाहिलं तर शेतीच्या नुकसानीचे अर्ज. मानपत्रात वांदर नव्हतं. चाललं.

"आणि बस. शेवटचा तास लांबला तर गावाकडच्या पोरींची बस निघून जाईन म्हणून मॅडम स्वतः रस्त्यात जाऊन बससमोर उभ्या राहत. ड्रायव्हर हॉर्न मारे, मॅडम त्याले पाढे इचारत."

मग ती जरा थांबली. "आणि काका, मले गणितात त्यांनी नापास केलं होतं. मंग वर्षभर सकाळी सातले घरी बोलावलं. त्या झाडांले पाणी घालत, मी ओसरीवर गणितं सोडवत बसे. कधी चांगलं म्हणल्या नाहीत. पण बरोबर आलं का पाइप जरा माझ्या पायावर धरत. थंड पाणी. मी अजून कॉलेजात कोणाचं गणित बरोबर आलं का पाय मागं घेते."

पलीकडं रंधा बंद होता. खुशालरावांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. एकही विशेषण लावलं नाही. लावावंसं वाटलं, बोट पुढंही गेलं होतं, पण "हात!" असं कोणी न ओरडताच मागं आलं. शोधलं. काहीही सापडलं नाही.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये मांडव, हार, आणि पहिल्या रांगेत शकुन मॅडम, नवं लुगडं नेसून. मानपत्र वाचायला शाळेतले नितेश सर उभे राहिले. आपल्याकडं मानपत्र वाचायला लागले की लोक एकमेकांची तब्येत विचारतात. तो वेळ त्याचसाठी राखलेला असतो. 'महोदया' म्हणेपर्यंत हॉलमध्ये दोन ऑपरेशनं आणि एक सोयरीक झाली होती. मग नितेश सरांनी 'बत्ता' वाचलं आणि स्वतःच थांबले. पुन्हा वाचलं. हॉल गप्प झाला. मागून कोणीतरी फस्सकन हसलं, आणि मग मांडवच हसायला लागला. वांदराला टाळ्या पडल्या. बसच्या वेळी चौथ्या रांगेतला एक ड्रायव्हर उठून हात जोडून उभा राहिला.

खुशालराव शेवटच्या रांगेत खांबाआड होते. त्यांना टाळ्या ऐकू येत नव्हत्या. ते फक्त रागिणी मॅडमकडं बघत होते. मॅडमचा चेहरा फळ्यासारखा कोरा. पायावरच्या पाण्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, परत काढला.

मग त्या उठल्या आणि माईक हातात घेतला. खुशालरावांनी खांब धरला.

"एक चूक आहे," मॅडम म्हणाल्या.

नितेश सरांनी हातातला कागद उलटा करून पाहिला.

"वांदर वीस मिनिटं नाही, पंचवीस मिनिटं बसलं होतं. दुरुस्त करून द्या." आणि खाली बसल्या.

सोमवारी सकाळी खुशालराव स्टुलावर चढले. पेपर सोलून काढला. चिकटपट्टीबरोबर 'नव्याने'चा थोडा रंग निघून आला, पण वाचता येत होतं. खाली उतरले तर समोर शकुन मॅडम. काखेत फ्रेम. ती त्यांनी टेबलावर उपडी ठेवली.

"हे घ्या तुमचं संत्रं. रागिणीले वांदर आणि मले बिया? मले नवीन पाहिजे."

त्यांच्या मागं पायरीवर ग्रामसेवक इंगोले उभे होते. त्यांच्याही काखेत फ्रेम. रस्त्यापलीकडं आणखी कोणीतरी सायकलला फ्रेम बांधून येताना दिसत होतं. जैनुद्दीनभाई खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "काचा फोडू नका जी कोणी. तीच फ्रेम चालन, फक्त कागद बदलू."

"सहाशे चौदा," खुशालराव पुटपुटले. खुर्चीत बसले, फडकं काढलं, नवी फाइल उघडली आणि बोटं मोडली. "बसा मॅडम. सांगा. तीस वर्षांत रागिणी मॅडमच्या भाजीले तुमी सगळ्यात वाईट काय म्हणल्या?"

"मी?" शकुन मॅडमनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी आयुष्यात कोणाविषयी वावगा शब्द नाही काढला."

खुशालरावांनी डोळे मिटले, चौकटीत बोटं चालवली, एंटर मारलं आणि पडदा त्यांच्याकडं वळवला.

"हे चांदण्याचं आहे मॅडम. दुसरं सांगा."